पाखरांच्या गावी जाताना

सहलीची मौज सहलीच्या दिवशी सुरू होते, असे मोठ्या माणसांना वाटते. मुलांचा हिशेब निराळा असतो. वर्गात गुरुजींनी सहलीचा दिवस सांगितला, की त्याच क्षणी त्यांची सहल निघते. त्या रात्री झोप उशिरा येते, दुसऱ्या दिवशी पिशवीची शोधाशोध होते, आणि घरातल्या प्रत्येकाला तीच ती हकिकत चार-चार वेळा ऐकावी लागते. आणि सहल जर होडीतून पाखरे पाहण्याची असेल, तर या लगबगीला काही अंतच राहत नाही.

जेऊरच्या मुलांना असा योग दुर्मीळ नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर हे गाव वसले आहे. सारा मुलूख कमी पावसाचा. ज्वारीची शेते, बाभळीची झाडे आणि उन्हाळ्यात तापून निघणारे माळ हे त्याचे जुने रूप. पण भीमा नदीवरील उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि या कोरड्या प्रदेशाच्या कुशीत एक विस्तीर्ण जलाशय पसरला. त्यात ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. यशवंतसागर असे त्याचे नाव आहे. परंतु गावोगावचे लोक त्याला साधेपणाने 'उजनीचे पाणी' असेच म्हणतात.

पावसाळ्यात पुण्याकडील डोंगरांतले पाणी नद्यांवाटे येते आणि जलाशय काठोकाठ भरतो. पुढे कालव्यांतून पाणी शेतांकडे जाऊ लागते, तसतसा काठ मागे सरतो. मागे राहतो तो उथळ पाण्याचा आणि मऊ चिखलाचा रुंद पट्टा. माणसाच्या दृष्टीने तो निव्वळ चिखल. पाखरांच्या दृष्टीने ते वाढून ठेवलेले ताट! शेवाळ, किडे, शिंपले आणि लहान मासे यांची तेथे रेलचेल असते. म्हणून हिवाळा आला, की या ताटाभोवती दूरदूरच्या पंगती बसतात. मध्य आशियातील पट्टकादंब हिमालय ओलांडून दक्षिणेकडे उतरतात. केशरी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने येतात. चमच्यासारख्या चोचीचे थापटे पाणी चाळीत फिरतात. लांब तांबड्या पायांचे शेकाटे आणि रंगीत पिसांचे चित्रबलाक तर जवळचेच यजमान. आणि या साऱ्यांत जो पाहण्यासाठी मुलांचे डोळे आसुसलेले असतात, तो म्हणजे रोहित पक्षी. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव. चार फुटांहून उंच असा हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी आत घेतो, जिभेने ते बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांना असलेल्या चाळणीत अडकलेले अन्न तेवढे गिळतो. त्याच्या पंखांवरील गुलाबी झाकसुद्धा या अन्नातूनच येते. त्याची पिले जन्मतः करड्या-पांढऱ्या रंगाची असतात. गुलाबी रंग त्यांना पुढे हळूहळू लाभतो.

अशा पाहुण्यांना भेटायला जायचे, तर पिशवीत काय घ्यावे? बहुतेक मुले प्रथम खाऊ भरतात. ते काही वाईट नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरकडची शिदोरी प्रवासात दिवसभर टिकते आणि सांडत नाही. पाण्याची बाटली, उन्हासाठी नाडीची टोपी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर हवाच. माघाच्या पहाटे पाण्यावरचे वारे अंगाला झोंबते. लालभडक, चकचकीत कपडे मात्र घरी ठेवावेत. माती, गवत, वाळलेली पाने यांचे रंग उत्तम. वही घ्यावी, पण टिपणासाठी शिसपेन्सिल घ्यावी. पाण्याचा शिंतोडा उडाला तर शाई पसरते, शिसाची रेघ टिकते. दुर्बीण मिळाली तर भाग्यच. तिचा पट्टा गळ्यात अडकवावा आणि शाळेच्या मैदानावर ती वापरण्याचा सराव आधी करावा. पाखरू प्रथम डोळ्यांनी हेरायचे, नजर तेथेच ठेवायची आणि मग दुर्बीण वर उचलायची. जो आधी दुर्बीण लावतो, तो आकाशभर भटकत राहतो आणि पाखरू उडून जाते.

पण पिशवी भरली म्हणजे तयारी झाली, असे नव्हे. पाणी दिसते शांत. परंतु ते कोणाची हौस पाहत नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक प्रवासी होडी याच जलाशयात, अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. काठावरच्या गावांनी तो दिवस विसरलेला नाही. मुलांनीही विसरू नये. मात्र तो भीतीसाठी नव्हे, शहाणपणासाठी स्मरणात ठेवावा.

त्या शहाणपणाचे नियम थोडेच आहेत. लाइफ जॅकेट अंगात घातल्यावाचून होडीत पाय ठेवू नये. जॅकेटातील हलका फोम माणसाला पाण्यावर उचलून धरतो; पण त्याचे पट्टे सैल असतील, तर जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. म्हणून पट्टे आवळून झाल्यावर सोबत्याने खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर ते त्या मुलाच्या मापाचे नाही. ज्याला पोहता येते त्यालाही यातून सूट नाही. विहिरीत सूर मारणाऱ्या धीट मुलांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो. परंतु विहिरीला चार हातांवर काठ असतो, जलाशयाला तो नसतो. होडीत उभे राहू नये, पाखरू एका बाजूला दिसले म्हणून सगळ्यांनी तिकडे झुकू नये. आणि आभाळ बदलले, वारा उठला व नावाडी 'आज नको' म्हणाला, तर हट्ट न करता मागे फिरावे. त्या दोन शब्दांमागे जन्मभराचा अनुभव असतो.

हाच नावाडी पाण्यावरचा गुरूही असतो. मासेमारी करताकरता त्याने पाखरांच्या सवयी जाणलेल्या असतात. रोहितांचा थवा दिसू लागला, की तो इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी हळूहळू रेटतो. थव्यावर सरळ चाल करून जात नाही. जरा आडवाटेने जातो.

"अजून जवळ घ्या ना, काका!" एखादा मुलगा हळूच म्हणतो.

"त्यांच्या माना बघ," नावाडी सांगतो. "माना खाली आहेत तोवर ते जेवताहेत. माना वर झाल्या, की समजावे, आता पुरे."

या उत्तरात मोठा अर्थ आहे. रोहिताचे शरीर जड; उडण्यापूर्वी त्याला पाण्यावरून धावत जावे लागते. एकेका उड्डाणाला खाल्लेल्या अन्नातली शक्ती खर्च होते. दिवसातून दहा होड्यांनी दहादा उठवले, तर त्याने जेवावे तरी केव्हा? थवा उडाला म्हणजे गुलाबी पंखांचे दृश्य डोळ्यांना भूल पाडते हे खरे. पण टाळी वाजवून ते दृश्य मिळवणे म्हणजे जेवणाऱ्या पाहुण्याला ताटावरून उठवणे होय. काही प्रवासी कुरव पक्ष्यांकडे शेव-फरसाण फेकतात. तेही टाळावे. पाखरांची शिदोरी पाण्यातच आहे. माणसाची माणसाने खावी आणि उरलेला कागद खिशात घालून परत आणावा.

अशी तयारी केवळ उजनीलाच लागते असे नाही. कोकणात मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, लोक डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावतात, तोंडात श्वास घेण्याची नळी धरतात आणि पाण्यावर पालथे तरंगत तळाशी वाढलेली प्रवाळे पाहतात. तो सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथेही शिकवण हीच: वाटाड्याचे ऐकावे आणि कशालाही हात लावू नये. दगडासारखे दिसणारे प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांची वसाहतच असते. एका पायाच्या धक्क्याने वर्षांची वाढ मोडून पडते.

उजनीच्या गढूळ पाण्यात मात्र तळ दिसत नाही. तो पाहण्यास दुसरी दृष्टी लागते, आणि तिचीही तयारी घरीच होऊ शकते. सहलीच्या आदल्या रात्री मुलांनी आजोबांजवळ बसावे आणि विचारावे, "आजोबा, पाण्याच्या जागी पूर्वी काय होते?" मग कळते, की तेथे भीमेकाठच्या काळ्याभोर जमिनी होत्या, घरे होती, देवळे होती. धरणासाठी गावेच्या गावे उठली आणि माणसे उंचावर नव्याने वसली. पाणी फार खाली गेले, म्हणजे इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन शिवमंदिर आजही वर येते आणि लोक त्याच्या दर्शनाला जातात. आज ज्या पाण्यावर ऊस आणि केळीच्या बागा डोलतात, ज्या पाण्यावर देशोदेशींची पाखरे उतरतात, त्या पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे. हे ज्याला ठाऊक आहे, तो होडीत बसल्यावर आपोआप जरा शांत बसतो.

आणि शांत बसणाऱ्यालाच पाणी सर्व काही दाखवते. धुके विरळ होते, चक्रवाकांची साद ऐकू येते, दूरवर एक फिकट गुलाबी रेघ दिसू लागते, आणि पाहतापाहता त्या रेघेला माना फुटतात, पाय फुटतात. त्या वेळी पिशवीत काय आणले आणि काय राहिले, याची कोणाला आठवणही नसते. दुसऱ्याच्या घरी पाहुण्याने कसे वागावे, एवढे मात्र प्रत्येकाने घरून नीट आणलेले असावे.