काटा भरलेला, आतून रिकामं

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. भौतिकशास्त्र दहावीतच सुटलं. पण लेक केमिकल इंजिनिअरिंगला गेली आणि 'मल्टिफेज फ्लो' हा शब्द घरात आला.

"सोप्पं आहे अब्बू. पाणी आणि वाफेचे बुडबुडे एकाच नळीतून वाहू लागले, की झाला मल्टिफेज फ्लो."

"मग काचेच्या नळीतून बघायचं की!"

ती हसली. बुडबुडे थोडे असतील तर दिसतात. दाटी झाली की ते प्रकाश विखुरतात आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं. शिवाय कारखान्यातल्या नळ्या धातूच्या.

आत काय चाललंय हे न कळल्याने काय होतं? 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली आणि पाणी निसटत राहिलं. आत वाफ साचत होती, पण पातळीचा काटा पाणी भरपूर असल्याचं दाखवत होता. कर्मचाऱ्यांनी काट्यावर विश्वास ठेवून आपत्कालीन पाणी कमी केलं. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

इथे क्ष-किरण कामाला येतात. 1895 मध्ये राँटगेनला हे किरण सापडले. ते काय आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं. मराठीने त्याचा 'क्ष' केला. हे किरण धातूची पातळ भिंत ओलांडतात. पाणी त्यांना जास्त अडवतं, वाफ फार कमी. त्या फरकावरून आतलं चित्र तयार होतं.

अडचण वेगाची. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते. तेवढ्या वेळात बुडबुडा कुठच्या कुठे जातो. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेल्महोल्ट्झ संशोधन केंद्राने 'रोफेक्स' हे यंत्र बनवलं. त्यात यंत्राचा कुठलाच भाग फिरत नाही. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारखा इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळवून धातूच्या वर्तुळाकार पट्टीवर फिरवतात. तो जिथे आदळेल तिथून क्ष-किरण निघतात. सेकंदाला 8000 पर्यंत चित्रं! साधारण एक मिलिमीटरचा तपशीलही त्यात दिसतो. अणुभट्टी थंड ठेवण्याची संगणकावरची गणितं अशा चित्रांशी ताडून बघता येतात.

आम्हा शिक्षकांच्या हाती गुणपत्रिकेचा काटा असतो. मुलाच्या आत काय उकळतंय ते त्यावर दिसत नाही, आणि त्यासाठी कुठलं यंत्रही नाही. जवळ बसून विचारावंच लागतं.