आमच्या वयाची गाणारी

घरातली सगळी गाणी आम्हाला मोठ्यांकडून मिळाली. आजोबांकडून नाट्यगीतं, वडिलांकडून गीतरामायण, आईकडून भावगीतं. मग 1980 च्या पावसाळ्यात ‘कुर्बानी’ आला.

पडद्यावर झीनत अमान होती, पण ‘आप जैसा कोई’चा आवाज होता नाझिया हसनचा. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली, जेमतेम पंधरा वर्षांची पोर! फिरोज खाननं तिला हेरलं आणि बिड्डूनं गाणं बांधलं. हा बिड्डू मूळचा बंगळुरूचा. कार्ल डग्लस, टिना चार्ल्स यांची गाणी त्यानं लंडनमध्ये गाजवली होती. बोनी एमच्या कॅसेटी आमच्याकडे वाजायच्याच, पण शब्द कळायचे नाहीत, नुसता ठेका धरायचा. आता त्याच ठेक्यावर आपल्याला समजणारे शब्द आले. पुढच्याच वर्षी नाझियाला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणी दहावीचा अभ्यास करत होत्या.

आठवतो ना तो टेपरेकॉर्डर? आखातातून आलेल्या कुणाच्या तरी काकांनी आणलेला. वर क्रोशाचं झाकण. बटणाला लहानांनी हात लावायचा नाही. कॅसेट गुंतली की अलगद सोडवायची, पेन्सिल घालून गुंडाळायची. तुटली की नखभर सेलोटेप लावून जोडायची. आवाज बसला की कापसाला कोलनवॉटर लावून हेड पुसायचं. जोडाच्या जागी गाणं ठेच खायचं, आणि ती ठेचसुद्धा आम्हाला पाठ होती. फेकायचं काहीच नाही.

1981 मध्ये नाझियाचा, भाऊ झोहेबसोबतचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. ज्याच्या घरी कॅसेट, त्याच्या घरी सगळी गल्ली. एकीकडून दुसरीकडे उतरवून घ्यायची, तेव्हा घरात कुणी खोकायचं नाही. ‘स्टार’मधलं ‘बूम बूम’ आलं, ते गणपतीच्या मांडवात आरती आटोपली की लागायचं. 1984 चं ‘यंग तरंग’ आलं तेव्हा आम्ही कॉलेजात. 1987 च्या ‘हॉटलाइन’पर्यंत कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं. 1992 च्या ‘कॅमेरा कॅमेरा’ला आमच्या कडेवर पोरं होती.

त्यानंतर तिनं गाणं थांबवलं. कायदा शिकली होती, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं होतं. 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये कर्करोगानं ती गेली, पस्तिसाव्या वर्षी. आमच्याच वयाची होती, म्हणून ती बातमी घरातल्यासारखी लागली.

2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्यानं वाजलं. मुलं नाचली, शब्द आम्ही पुरवले.

आजी पहिल्यांदा म्हणाली होती, “पोर नाकात गाते गं.” आठवडाभरानं तीच तांदूळ निवडता निवडता गुणगुणत होती. आईनं मग आवाज कमी करायला सांगणं सोडलं, वडिलांनी कॅसेट स्वतःहून उलटी करून घातली. घरातली बाकीची गाणी मोठ्यांनी आम्हाला दिली. नाझिया तेवढी आम्ही त्यांना दिली.