अप्रीतीचा गुन्हा

टिळकांचा १९०८ चा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले हे सगळ्यांना पाठ असते. मला मात्र १८९७ चा खटला जास्त विचार करायला लावतो. १८७० साली दंडसंहितेत घातलेल्या १२४-अ कलमात गुन्हा होता सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण करण्याचा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावले, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! सहा विरुद्ध तीन असा कौल पडला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

आता सांगा, माया का कायद्याने करायला लावता येते? मी आयुष्यभर मास्तरकी केली. छडीने वर्ग गप्प बसतो, पण मास्तर आवडायला लागत नाही.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात या कलमाला हिंसेच्या चिथावणीची मर्यादा घातली. मे २०२२ मध्ये त्याचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, राजद्रोह गेला!"

शब्द गेला खरा. पण कलम १५२ आहे. जन्मठेप, नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद; जुन्यात जन्मठेपेखालोखाल तीनच वर्षे होती. देश फोडू पाहणाऱ्याला शिक्षा हवीच. पण 'विध्वंसक कारवाया' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या संहितेत नाही. शब्द सैल राहिला की त्याचा अर्थ लावणारा कोणीतरी स्ट्रॅची भेटतोच. काळजी वाटते ती एवढ्याचीच.