दादाची सतरंजी

दादा तरुणांचा पाळक म्हणून मंडळीत रुजू झाला, तेव्हा आईने कुंभार पिंपळगावात पेढे वाटले. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हा त्याचा आदर्श. पहिल्याच सभेला शंभर तरुण येतील, असे तो म्हणे. आले चार; त्यांतले दोघे सामना खेळायला मधूनच उठले! बाकी आठवडा सतरंज्या झटकणे, वर्गणीचा हिशेब, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणे. सुटीत आला तेव्हा म्हणाला, "हे कुणी शिकवलंच नव्हतं रे."

मी चिडलो. शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ चा. बेथेल उभे राहायला पुढे वीसहून अधिक वर्षे लागली. हे दोघांनीही वाचले होते. लक्षात राहिले ते फक्त बेथेल.

त्याच अभ्यासक्रमाचा माझा अर्ज वहीत तसाच आहे. आईला सांगितलेले नाही.