गिअरबॉक्स उतरवण्याआधी

चि. बाळास,


आळेफाट्याच्या गॅरेजात तू रुळलास, हे ताईने फोनवर सांगितलं. त्या ऑटोमॅटिक गाडीचंही सांगितलं. मुरबाडकडून माळशेज चढताना ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकली, वर थांबवून पुन्हा चालू केली तर मढ, ओतूर करत फाट्यापर्यंत नीट आली. आणि मालकाला कुणीतरी ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून मोकळं झालंय. बाळा, हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलायचं. टोमॅटोचे चार पैसे हाती आले तेव्हा माणसाने जुनी गाडी घेतलेली असते. अख्ख्या गिअरबॉक्सचा खर्च ऐकला की तो गाडी मिळेल त्या भावाला विकून टाकतो.

आधी बघ, ती एएमटी तर नाही ना. २०१४च्या सेलेरिओपासून तसल्या गाड्या गावोगावी आल्या. त्यांचा गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच नि गिअरचं काम यंत्र करतं. त्यांची तपासणी निराळी. टॉर्क कन्व्हर्टरवाली असेल तर पुढचं तुझ्या कामाचं.

शिफ्ट सोलेनॉइडमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिला करंट मिळाला की व्हॉल्व्ह बॉडीतली तेलाची वाट उघडते किंवा मिटते, दाब क्लच पॅकवर जातो आणि गिअर पडतो. सर्किटमध्ये गडबड दिसली की कंट्रोलर सोलेनॉइडचा करंट तोडतो. मग विजेशिवाय जो गिअर लागतो त्यावरच गाडी चालते. बऱ्याच गाड्यांत तो तिसरा. गिअरबॉक्स जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

स्कॅनरवर पी०७५० आला तर तो ‘ए’ सोलेनॉइडच्या सर्किटचा कोड, पी०७५५ ‘बी’चा. सर्किट म्हणजे वायर, कनेक्टर, अर्थिंग सगळं आलं. आपल्याकडे गाड्या उसाच्या कडेला उभ्या असतात, उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून हार्नेस बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा. पी०७३० आला तर मात्र गिअरचं प्रमाणच चुकतंय. तिथे तेलाचा दाब आणि क्लच तपासायला हवेत.

मल्टिमीटर लावताना दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नकोस, त्याच मॉडेलचं मॅन्युअल उघड. आणि तापमान लिहून ठेव. २५ अंशांना १२ ओहम दाखवणारी चांगली कॉइल १०० अंशांना साडेपंधराच्या आसपास दाखवते, तो दोष नव्हे. उलट आत तुटत आलेली तार थंडीत जुळून राहते आणि तेल तापलं की सुटते. घाटात बिघडून सपाटीला सुधारणाऱ्या या गाडीत मला तोच संशय आहे. सकाळी गार गाडीवर माप घेऊन ‘ठीक आहे’ म्हणालास तर फसशील. दमवून आण आणि गरम असतानाच मोज.

माप बरोबर आलं तरी व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेला असू शकतो. पॅन उतरव. चुंबकावर करडी, मऊ पूड असणं स्वाभाविक आहे. चकचकीत कपचे निघाले, तेल काळं पडून करपल्याचा वास आला, तरच गिअरबॉक्स उतरवायचं बोल. पॅन काढतोसच तर फिल्टर बदल, सुताचे धागे सुटणारं फडकं आत घालू नकोस. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच भर. ‘सगळी सारखीच असतात’ म्हणणाऱ्याचं, तो वयाने मोठा असला तरी, ऐकू नकोस. पातळी कोणत्या तापमानाला बघायची हेही मॅन्युअलमध्ये असतं.

सोलेनॉइड बदललास तर जुना मालकाच्या हातात दे, मीटरवर दोन्हींचं माप त्याच्यासमोर घे. कंट्रोलरची जुनी शिकवण पुसून नवी करून घे. मग मालकाला शेजारी बसवून टोकावड्यापर्यंत उतर आणि स्कॅनर जोडलेला ठेवूनच घाट परत चढ. पाऊस, धुकं असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

काय सापडलं ते कळव. वायर निघाली तर नेमकी कुठे तुटली होती, फोटो पाठव. तशीच अडकणारी एक गाडी मंचरला माझ्याकडे उभी आहे.

तुझा,
मामा