परतीची तार

वीजशास्त्राशी माझा परिचय शालेय पाठ्यपुस्तकापुरताच. पुढे कलाशाखेत गेल्यावर तोही सुटला. तथापि 2023 च्या उन्हाळी सुट्टीत एका पांढऱ्या तारेने मला दिलेला धडा अद्याप विसरता आलेला नाही.

माझे वडीलबंधू अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतात. मोटारीमागे जोडावयाचा, दोन चाकांवरचे छोटे घरच असा एक जुना ट्रेलर त्यांनी विकत घेतला होता. दुसऱ्या दिवशी वहिनी व लहानग्या पुतणीसह आम्ही डोंगरापलीकडे जाणार होतो. वाटेतील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे. तेथून डेन्व्हरकडे उतरणारा रस्ता असा, की ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठी कडेला मुद्दाम चढाचे फाटे बांधले आहेत.

या ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युत्-चुंबक असतो. प्रवाह मिळताच तो फिरत्या ड्रमला चिकटून ओढला जातो, त्याने एक दांडी हलते आणि ब्रेकचे पट्टे ड्रमवर आवळले जातात. निळी तार प्रवाह आणते, पांढरी तो परत नेते.

सायंकाळी रिकाम्या मैदानावर मंद गतीत दादाने ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबली. मागून ओढ बसावयास हवी होती, ती जेमतेम जाणवली. दादाने चाकाजवळच्या तारा चुंबकापासून सोडवून मीटर लावला. काटा 12 व्होल्टवर गेला. “वीज पोचते आहे. सकाळी निघू,” तो म्हणाला.

मी पाहुणा, त्यात कलाशाखेचा. दादा यंत्रविद्येचा पदवीधर. गप्प बसणेच शिष्टाचाराचे होते. पण आमचे बाबा अनमोड घाटातून ट्रक चालवीत. कितीही उशीर झालेला असो, उताराच्या तोंडाशी ट्रक थांबवून ब्रेक पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. ते आठवले आणि मी भीत भीत विचारले, “दादा, वीज येते हे दिसले, पण ती नीट परत जाते का?”

दादा क्षणभर रागावला. मग काही न बोलता त्याने तारा पुन्हा जोडल्या, मला कळ दाबून धरावयास सांगितले आणि चुंबक चालू असताना मीटर लावला. आता चाकाशी केवळ 5 व्होल्ट! पांढरी तार आणि मोटारीच्या बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये शून्याजवळ काही दिसावे, तेथे 7 व्होल्ट दिसले. उरलेला दाब परतीच्या वाटेवरच खर्च होत होता. दोन्ही चुंबकांनी मिळून सुमारे 6 अँपिअर घ्यावेत, ते अडीचच घेत होते.

दोष सापडला तो पांढरी तार ट्रेलरच्या सांगाड्याला जोडणाऱ्या स्क्रूखाली. तेथे गंज चढला होता. मीटरपुरता नाममात्र प्रवाह त्यातून सहज जाई, चुंबकांचा भार पडला की वाट अडे. आम्ही तो भाग लख्ख होईपर्यंत घासला, नवे टोक बसवून स्क्रू घट्ट आवळला. पुन्हा कळ दाबली, तेव्हा ट्रेलरने मोटार खसकन मागे ओढली.

विद्यार्थिमित्रांनो, भार नसताना घेतलेली परीक्षा किती फसवी असते! वर्गात “समजले का?” असे मी विचारतो, आपण सारे “हो” म्हणता, आणि मी समाधानाने पुढच्या धड्याकडे वळतो. मीही बिनभाराचाच मीटर लावीत होतो, हे त्या रात्री मला उमगले. तेव्हापासून प्रश्न विचारून मी उत्तर परत येईपर्यंत थांबतो.

परतीच्या प्रवासात बोगदा संपला आणि उतार लागला. पुतणी मागच्या आसनावर झोपली होती. दादाने खालचा गिअर टाकला, ब्रेक हलकेच दाबून पाहिला आणि बाबा म्हणत तसे कोंकणीत स्वतःशीच म्हणाला, “सवकास.”