राहिलेली बाही

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही घराची जुनी कौलं उतरवून पत्रे टाकले. माळा रिकामा करताना माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी खाली आली. तिच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक स्वेटर निघाला. बाटलीसारखा हिरवा. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, गळा झालेला, उजवी बाही लावलेली. डावी बाही नव्हतीच.

नातीनं विचारलं, "आजी, कोणाचा गं हा?"

"माझ्या बापाचा," मी म्हणाले. पुढं सांगायला लगेच जमलं नाही.

माझं माहेर आणि सासर दोन्ही सिन्नर तालुक्यात. माहेर पूर्व भागातलं, पावसानं कायम पाठ फिरवलेल्या मुलखातलं. ७२ च्या दुष्काळात मी ११ वर्षांची होते. विहीर आटली, बैल विकावे लागले. आई आणि नाना खडी फोडायला जायचे. घरात तांबड्या मिलोची भाकर आणि सरकारनं वाटलेली सुकडी. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ साली झाला, तेव्हा आम्ही नुसतं 'खडीवर गेलेत' एवढंच म्हणायचो. त्या खडीनं नानांच्या हाताला जे घट्टे पडले, ते मरेपर्यंत गेले नाहीत.

दहावीला असताना शाळेतल्या एका बाईंनी आम्हा मुलींना विणकाम शिकवलं. थंडीत नाना रात्री पाण्यावर जायचे ते बंडी आणि घोंगडीवर. त्यांना स्वेटर करायचा असं मी ठरवलं. मी वाढवलेलं करडू आईनं बाजारात विकलं आणि त्यातून लोकर आणली.

लोकरीच्या लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकानं लडी दोन्ही हातांवर ताणून धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायचं. आईला कामातून सवड नसायची. मग नानाच ओट्यावर बसायचे, बेड्या घालायला हात पुढं करावेत तसे. त्यांच्या घट्ट्यांत लोकरीचे तंतू अडकायचे. ते म्हणायचे, "जरा हळू वढ गं पोरी, तुही लोकर खराब व्हईल."

जून महिन्यात निकाल लागला. ५८ टक्के. मला मास्तरीण व्हायचं होतं, पण पुढं शिकायला सिन्नरला राहावं लागणार होतं. नानांनी एका वाक्यात मिटवलं. "दहावी लई झाली." त्याच महिन्यात पाहुणे बघायला आले. हुंडा न मागणारं स्थळ. माझ्या पाठीवर दोन बहिणी, घरावर दुष्काळातलं कर्ज. हे सगळं मला आज कळतं, तेव्हाही थोडंफार कळत होतं. पण मी नानांशी भांडले नाही, रडलेही नाही. सुया खाली ठेवल्या, बस्स. एक बाही राहिली होती. चार दिवसांचं काम.

सासरी येताना ते अर्धवट काम पेटीत घालून आणलं. का आणलं, कोण जाणे.

नाना दर हिवाळ्यात भेटायला यायचे. पिशवीत बोरं, हरभऱ्याचा डहाळा, अंगावर तीच घोंगडी. लग्नानंतर पाचेक वर्षांनी एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तो स्वेटर कुठवर आला गं?"

मी म्हणाले, "लोकर संपली." खोटं बोलले. पेटीत गुंडा होता.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा कागदात बांधलेली एक लडी माझ्यापुढं ठेवली. सिन्नरच्या बाजारातून आठवणीवर आणलेली. कागद जरा बाजूला करून पाहिलं, तर रंग निळा. गडद, पण निळाच.

"नाना, रंग निराळा आहे."

त्यांनी लडी दाराशी नेऊन उजेडात धरली. "निराळा हाये का? मला तर त्योच वाटला." मग ओशाळं हसून म्हणाले, "माघारी नेऊ का?"

"राहू द्या."

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी स्वेटरचा विषय काढला नाही. १९९४ च्या पौषात नाना गेले. कडाक्याची थंडी होती.

लोकांना मी सांगत आले की संसारात, शेतीत, पोराबाळांत वेळच मिळाला नाही. पण आता वयाच्या साठीनंतर खोटं कशाला बोलू? त्याच वर्षांत मी माझ्या पोरांच्या टोप्या विणल्या, जावेच्या बाळाचं झबलं विणलं. वेळ होता. नानांसाठी नव्हता.

पेटी उघडल्यावर पाहिलं, तर हिरव्या गुंड्याला कसर लागलेली. हात लावला की तुटायचा. नानांनी आणलेली लडी मात्र कागदात जशीच्या तशी, तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मी नातीला म्हणाले, "मी धरते, तू गुंडाळ." ती गुंडाळू लागली आणि तंतू माझ्या हाताच्या घट्ट्यांत अडकू लागले. "आजी, हात किती खरखरीत गं तुझे!" ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

उजव्या बाहीच्या काठाचे टाके मोजले. ४८. तेवढेच घातले, दोन सुलट, दोन उलट. टाके वाढवायचे कसे ते विसरले होते. नातीनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवलं. ती अकरावीला आहे, रोज एसटीनं सिन्नरला जाते. कांद्याची खुरपणी करून आल्यावर रात्री तासभर बसायचे. बोटं आखडायची, चुकलं की उसवायचे. चार दिवसांच्या कामाला दोन महिने लागले. लडी बरोबर पुरली, वीतभर दोरा उरला.

नाना अंगानं काटकुळे, म्हणून स्वेटर मला बसतो. काखेत थोडा आवळतो. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला पोरासोबत मीही जाते, तो मोटर बघतो, मी वाफ्याचं दार मोडते. पोरगा पहिल्या रात्री म्हणाला, "आई, एक हात हिरवा, एक निळा. लोक हसतील."

म्हटलं, हसू दे. कांद्याच्या वाफ्यात उभं राहून बॅटरी विझवली आणि दोन्ही हात पुढं धरून बघितले. अंधारात दोन्ही बाह्यांचा रंग एकच दिसत होता. नानांनी ती लडी दिवसभराची कामं उरकून, सांज झाल्यावर घेतली असेल.